झाकली मूठ

दिवेलागणीची वेळ. विट्याच्या बाजारपेठेतलं एक मेडिकल. धोतर नेसलेले एक आजोबा आले आणि गिऱ्हाइकांची गर्दी ओसरेपर्यंत बाजूला उभे राहून च्यवनप्राशच्या बरण्या न्याहाळत बसले. दुकान मोकळं झालं तसा त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात हात घातला आणि मूठ काउंटरवर उघडली. तळहातावर चंदेरी कागदाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा होता. एका गोळीची रिकामी खोबण आणि पाठीमागे कात्रीतून वाचलेली नावाची दोन अक्षरं, एवढाच.

दुकानदारानं तो तुकडा हातातही घेतला नाही. "काय तात्या, पंधरा दिस झालं व्हय?" म्हणत खालच्या खणातून गोळ्यांच्या पट्ट्या काढल्या, एक कात्रीनं अर्धी कापली, दीड पट्टी खाकी पाकिटात घातली. तात्यांनी पाकीट बंडीत ठेवलं, पैसे मोजले आणि गेले. फिट, आकडी, असला एकही शब्द दोघांच्या तोंडून निघाला नाही.

"गाव कुठलं त्यांचं?" मी विचारलं.

"हितनं चौदा किलोमीटर. तिथं दोन मेडिकल हायती."

"मग इथं?"

"नातीच्या गोळ्या हायत. लग्नाची हाय ती. गावातल्या दुकानातनं घेतल्या तर कळंल न्हवं समद्यांना."

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी मला दोनच शब्द पाठवले होते : 'झाकली मूठ'. वाटलं, सोनं, कर्ज, भावकीतले वाद असं काहीतरी लिहावं. पण शब्द वाचल्यावर आठवली ती चौथीतली वर्गमैत्रीण. प्रार्थनेच्या रांगेत ती धाडकन पडली. हातपाय झाडू लागली. कुणी तिच्या नाकाशी चप्पल धरली, कुणी किल्ल्यांचा जुडगा आणला. तिची घट्ट मिटलेली मूठ उघडून त्यात किल्ल्या कोंबायच्या कामात मीही होते. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही, आणि ती का येत नाही हे कुणी कुणाला विचारलं नाही. तो विषय घेऊन मी यंदा सातारा आणि सांगली जिल्ह्यांत फिरले.

पायाखालचा बुटका

साताऱ्यात चिदंबरमच्या धर्तीवर बांधलेलं नटराजाचं मंदिर आहे. कांचीच्या परमाचार्यांच्या प्रेरणेनं १९८०च्या दशकात ते उभं राहिलं. सुट्टीच्या दिवशी तिथं दर्शनाला बरी गर्दी असते. नटराजाचा उचललेला पाय सगळे बघतात. दुसऱ्या पायाखाली एक बुटकी आकृती पालथी पडलेली असते. तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. दोघातिघांना विचारलं, तर "राक्षस असंल कुणीतरी" असं उत्तर आलं.

त्याचं नाव अपस्मार. तमिळमध्ये मुयलकन. आयुर्वेदानं आकडीच्या रोगाला दिलेलं नाव तेच. 'स्मार' म्हणजे स्मरण, भान. ते निघून जातं तो अपस्मार. चरकसंहितेत या रोगाला स्वतंत्र अध्याय आहेत आणि वात, पित्त, कफ व तिन्ही मिळून असे त्याचे चार प्रकार सांगितले आहेत. म्हणजे हे शरीराचं दुखणं आहे ही समज आपल्याकडे जुनी आहे. ग्रीसमध्येही हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या वैद्यांनी सुमारे २४०० वर्षांपूर्वी हाच मुद्दा मांडला होता : या रोगात देवाचं असं वेगळं काही नाही, दुखणं मेंदूचं आहे.

बोलीत मात्र अपस्मार कुणी म्हणत नाही. म्हाताऱ्या बायका फेफरं म्हणतात, शेतकरी आकडी म्हणतो, शहरातून आलेला मिरगी म्हणतो. हल्ली सगळ्यांच्या तोंडी फिट आहे. "फिट येत्यात" म्हटलं की निदान, लक्षण आणि बोलणं, तिन्ही तिथंच संपतं.

नटराजाच्या कथेतली एक गोष्ट मला पुढे सगळीकडे उपयोगी पडली. शिव त्या बुटक्याला मारत नाही, पायाखाली दाबून ठेवतो. पाय उचलला की तो उठणार.

डीपी आणि दोन मिनिटं

तासगावच्या बाजूला एका द्राक्षबागायतदारानं फिट म्हणजे काय ते मला डॉक्टरांपेक्षा सोप्या भाषेत सांगितलं. त्याच्या भावाला पंधरा वर्षांपासून फिट येतात. "आमच्या मळ्यात एका डीपीवर अकरा मोटरी हायत. एकमेकांचं बघून, पाळीनं चालू केल्या तर कायसुदिक होत न्हाय. पर लाइट आली की समद्यांनी एकदमच बटन दाबलं, तर फ्यूज उडतोय. डोक्याचं बी तसंच असतंय."

तसंच असतं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना विजेच्या बारीक लहरींनी निरोप देतात, पण पाळीपाळीनं. एखाद्या भागातल्या पेशींनी एकाच वेळी, एकाच ठेक्यात लहरी सोडल्या की फिट येते. गडबड एका कोपऱ्यातच राहिली तर एक हात उडतो, तोंड चाळवतं, माणूस शर्टाची गुंडी चाचपत राहतो, नाहीतर क्षणभर नजर लावून बसतो. ती सगळीकडे पसरली तर शरीर ताठ होतं, मुठी आवळतात, मग झटके, तोंडाला फेस, कधी जीभ चावली जाते, कधी लघवी होते. साधारण दोन मिनिटांत हे आपोआप थांबतं.

चपलेचं रहस्य या दोन मिनिटांत आहे. माणूस पडला, कुणीतरी ओरडलं, चप्पल काढा म्हणालं, कुणाची काढायची यावर घोळ झाला, कुणीतरी कांदा आणायला पळालं. तोवर फिट आपली आपण उतरलेली असते आणि श्रेय चपलेला जातं. शेकडो वर्षं ही चप्पल अशी यशस्वी होत आलेली आहे.

खरं करायचं ते फार थोडं आहे. आजूबाजूचं टोकदार, गरम, कठीण ते दूर सारायचं. डोक्याखाली टॉवेल किंवा दप्तर द्यायचं, गळ्याजवळची गुंडी सैल करायची. माणसाला कुशीवर वळवायचं म्हणजे लाळ घशात जाणार नाही. दातांत चमचा घालायचा नाही, पाणी पाजायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, मूठ उघडायची नाही. आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध न येता दुसरी सुरू झाली, तर १०८ ला फोन. पाण्यात पडलेल्याला, गरोदर बाईला आणि पहिल्यांदाच फिट आलेल्याला तर थांबून बघूच नये. ज्यांच्या फिट लांबतात त्यांच्या घरी डॉक्टर हल्ली नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा देऊन ठेवतात. तो कपाटात कुलूपबंद ठेवून चालत नाही, हाताशी लागतो.

ज्याची फिट, त्यालाच ती दिसत नाही

विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केलं, आणि तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचं झालं. १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. जंक्शनवर उतरणाऱ्यांत बेळगाव-विजापूरकडचे पेशंट असतातच. मेंदूच्या डॉक्टरांच्या दारातल्या बाकड्यावर मराठी आणि कानडी शेजारी शेजारी बसलेली असते. मी तिथं एका दवाखान्यात तीन सकाळी काढल्या.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न प्रत्येक वेळी तोच : "बघितलं कुणी?" पेशंटला विचारून उपयोग नसतो. अख्ख्या गावानं पाहिलेली फिट त्याला स्वतःला आठवत नाही. त्याला आठवतं ते पडण्याआधीचं काहीतरी, पोटातून वर चढणारी कळ, किंवा करपल्यासारखा वास. आणि मग एकदम जमलेली माणसं, चिखल लागलेले कपडे. तेव्हा साक्षीदार लागतो, आणि नेमका तोच आलेला नसतो. नवरा फडावर, सासू घरी, मुलीला घेऊन आलाय तो मामा, ज्यानं काहीच पाहिलेलं नाही. साक्षीदार आला तरी बोलताना अडखळतो. तोंडातून फेस आला, साडी भिजली, हे परक्यासमोर सांगायचं कसं?

हल्ली मोबाइलनं हे काम सोपं केलंय. फिटचं चित्रण दाखवलं की डॉक्टरांना निम्मं निदान तिथंच होतं. प्रत्येक पडणं म्हणजे अपस्मार नसतो. उन्हात भोवळ येऊन पडतात, साखर उतरून पडतात, मनावरचा ताण असह्य होऊनही झटके येतात. अपस्मार म्हणजे फिट पुन्हा पुन्हा येण्याचा कल. 'डोक्याची पट्टी', म्हणजे ईईजी, अनेकदा स्वच्छ येते. दोन फिटांच्या मधे मेंदू शांतच असतो, आणि अर्ध्या तासाच्या पट्टीत ती गडबड सापडेलच असं नाही. "पट्टी चांगली आली, मग गोळी कशाला?" हा प्रश्न मी त्या बाकड्यावर निदान पाच जणांच्या तोंडून ऐकला.

कोबीतला किडा

सीटी किंवा एमआरआयच्या फिल्मवर कधी कधी पांढरी अंगठी दिसते. मग घरात कोबी बंद होतो. कोबीतला किडा डोक्यात जातो, ही समजूत साताऱ्यापासून जतपर्यंत पक्की आहे.

किडा खरा आहे, कोबी बिचारा आयता सापडला. डुकराच्या मांसातून माणसाच्या पोटात जाणारा हा पट्टकृमी. अर्धवट शिजलेलं दूषित मांस खाणाऱ्याच्या आतड्यात तो वाढतो आणि त्याची अंडी शौचावाटे बाहेर पडतात. उघड्यावरच्या शौचातून ती माती-पाण्यात जातात, न धुतलेल्या हातांना आणि कच्च्या भाजीला चिकटतात. ती अंडी जो गिळतो त्याच्या मेंदूत गाठ होते. म्हणून माळकऱ्यालाही ही गाठ होऊ शकते. गिळलेल्या अंड्यातून निघालेली अळी मेंदूत मुक्काम करते. ती जिवंत असेतो बहुधा गप्प असते; मरायला लागली की भोवती सूज येते आणि फिट सुरू होतात. भारतात अपस्मारामागचं हे एक मोठं कारण आहे, आणि टाळता येण्याजोगं आहे. एके काळी अशी अंगठी दिसली की डॉक्टर क्षयाची गाठ समजून महिनोन्‌महिने क्षयाची औषधं द्यायचे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातले डॉ. वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की यातल्या बऱ्याच गाठी मरणाऱ्या कृमीच्या असतात आणि काही महिन्यांत आपोआप विरतात. अशा पेशंटला गोळ्याही बहुधा आयुष्यभर लागत नाहीत.

गंमत अशी की या रोगावरचं आपलं मोठं सार्वजनिक काम अपस्माराचं नाव न घेता झालं. २००० साली सुरू झालेलं संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान हे तासगावच्या आर. आर. पाटलांचं, ग्रामविकास मंत्री असतानाचं. गावानं संडास बांधायचे आणि वापरायचे, हात धुवायचे. कृमीच्या फेऱ्याचा मधला दुवा तुटतो तो इथं. कोबी धुऊन, शिजवून खुशाल खावा.

गोळीचं वागणं

फिटच्या गोळ्या रोग मुळासकट काढत नाहीत. त्या नटराजाच्या पायासारख्या आहेत, दाबून ठेवतात. मेंदूच्या पेशीवर बारीक दारं असतात. त्यांतून क्षार आतबाहेर झाले की वीज उठते. फिनिटॉइन आणि कार्बामॅझेपिन ही दारं फार भराभर उघडू देत नाहीत. फिनोबार्बिटोन आणि क्लोबाझाम पेशींना शांत करणाऱ्या निरोपाला बळ देतात. व्हॅल्प्रोएट दोन्हीकडून थोडं थोडं काम करतं. त्याचा शोध फ्रान्समध्ये १९६२ च्या सुमाराला अपघातानं लागला : संशोधक वेगळीच औषधं तपासत होते आणि ती विरघळवायला हा द्रव वापरत होते. ज्यात ज्यात तो घातला ते प्रत्येक औषध फिट थांबवू लागलं, तेव्हा गुण द्रवाचाच आहे हे लक्षात आलं.

फिनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात आहे, फिनिटॉइन १९३८ पासून. आजही या दोघांची एक गोळी चहाच्या कपापेक्षा स्वस्त पडते. लेव्हेटिरासिटाम १९९९ नंतर आलं. त्याची इतर औषधांशी फारशी भांडणं होत नाहीत म्हणून डॉक्टरांच्या आवडीचं, पण किंमत कितीतरी पट. प्रत्येकाच्या खोडी वेगळ्या. फिनोबार्बिटोननं सुस्ती येते, काही मुलं उलट सैरभैर होतात. फिनिटॉइननं हिरड्या सुजतात, मुलींच्या चेहऱ्यावर लव वाढते. व्हॅल्प्रोएटनं वजन वाढतं, केस गळतात, हात थरथरतो. लेव्हेटिरासिटामनं चिडचिड होते. "सून अलीकडं लई तापट झाली" या तक्रारीमागे कधी कधी गोळी असते. कार्बामॅझेपिन सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

फिनिटॉइनचा हिशेब तर पाटाच्या पाण्यासारखा आहे. पाट भरेपर्यंत किती सोडलं तरी सामावतं; काठोकाठ आल्यावर एक घागर जास्त झाली तरी बांध फुटतो. थोडा डोस वाढवला की माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, एकाचे दोन दिसतात. म्हणून "काल चुकली, आज दोन घेतो" हा हिशेब आपला आपण करायचा नाही.

आणि गुण? ग्लासगोच्या दवाखान्यात ५२५ पेशंटवर केलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या आधी औषध न घेतलेल्यांपैकी ४७ टक्के लोकांच्या फिट पहिल्याच औषधानं थांबल्या, दुसऱ्यानं आणखी १३ टक्क्यांच्या. पुढे मात्र औषधं बदलून फारसं हाती लागत नाही. अशांनी शस्त्रक्रियेचा सल्ला घ्यावा. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत अपस्मारावरच्या शस्त्रक्रिया १९९५ पासून होत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानंही दहांतल्या सातांच्या फिट नीट उपचारांनी थांबू शकतात. अट एकच, गोळी सलग हवी. अचानक बंद केली तर फिटमागून फिट येत राहण्याची, जिवावर बेतण्याची अवस्था येऊ शकते. दोनेक वर्षं एकही फिट आली नाही तर काहींच्या गोळ्या कमी करत करत थांबवता येतात, पण ते ठरवायचं डॉक्टरांनी, आणि महिनोन्‌महिने लावून.

फडातली पहाट

कराडच्या खाली कृष्णाकाठी कारखान्यांची धुराडी पेटली की बीडकडच्या टोळ्या येतात. उसाच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. इथं नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. पहाटे तीन-चारला उठायचं, दिवसभर तोड, आणि गाडी रात्री अकराला आली तर रात्री अकराला भरायची. खाडा केला तर पैसे कापले जातात.

अशा एका कोपीत मी पंचविशीतल्या एका बाईसमोर बसले होते. तिच्या कपाळावर ताजी खोक होती. गावाकडून महिन्याच्या गोळ्या आणल्या होत्या, त्या दिवाळीनंतर संपल्या. कागद घरी राहिला. इथल्या डॉक्टरला दाखवायला तिच्याकडे होता पट्टीचा कापलेला तुकडा, त्यावर ना पुरतं नाव, ना किती मिलिग्रॅमची ते. "निम्मी निम्मी पट्टी घेती, पैशापरमाणं," ती म्हणाली. कात्री नावावरून फिरते, औषध नावाशिवाय उरतं. फिट येणाऱ्याच्या मेंदूला सगळ्यात वाईट काय, तर बुडालेली झोप आणि बुडालेली गोळी. उसाच्या फडात दोन्ही एकदम बुडतात, वर हातात कोयता.

सांगलीच्या पूर्वेकडची माणसं उलट बाहेर जातात. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातले गलाई कारागीर देशभरच्या सराफ बाजारांत सोनं-चांदी गाळतात. भट्टी आणि तेजाबाशेजारी बसणाऱ्याला फिट येते हे पेढीवर कळलं तर काम गेलं. म्हणून विट्यातनं गोळ्यांची पाकिटं गावच्या माणसाबरोबर चेन्नईला, कोइमतूरला जातात. खाकी कागदात, चिवड्याच्या डब्यात.

जवळ काय मिळतं हाही प्रश्न आहेच. सगळ्यात जुनी, स्वस्त फिनोबार्बिटोनची गोळी गुंगीच्या औषधांच्या कायद्याखाली येते. नोंदवहीची कटकट नको म्हणून कित्येक लहान दुकानं ती ठेवतच नाहीत. मुंबईचे डॉ. निर्मल सूर्या यांच्या एपिलेप्सी फाउंडेशननं सरकारी आरोग्य यंत्रणेबरोबर ग्रामीण महाराष्ट्रात मोफत शिबिरं घेतली, तज्ज्ञाला जिल्ह्यापर्यंत आणलं. पण शिबिर एका दिवसाचं आणि गोळी वर्षांची. मधल्या दिवसांत लागतं ते उपकेंद्र, आशाताई, आणि "गोळ्या किती उरल्या?" असं मोठ्यानं विचारणारं कुणीतरी.

बस्त्यात न बांधलेली पट्टी

सातारा जिल्ह्यातल्या एका घरात सासू शेताला गेल्यावर एका सुनेनं मला तिचा तांदळाचा डबा दाखवला. हात कोपरापर्यंत आत घालून तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतली पट्टी काढली. लग्नाला तीन वर्षं झाली होती. "लग्नात समदं दिलं आईनं, ह्येवढं सांगितलं न्हाय तिकडं. मलाच म्हणली, दादल्याचा डोळा लागला की घ्येत जा." नवऱ्याचा डोळा कधी दहाला लागतो, कधी बाराला. पाहुणे आले की तिला रात्री स्वयंपाकघरात जाता येत नाही, गोळी राहते. तीन वर्षांत तिला दोनदा फिट आली, दोन्ही वेळा माहेरी असताना. याला ती नशीब म्हणते.

आईनं हे का झाकलं, त्याला कायद्याचाही इतिहास आहे. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीनं वेडाच्या झटक्यांच्या शेजारी अपस्माराचे झटकेही लिहिले गेले होते. ज्याला ते येतात त्याचं लग्न रद्द ठरवता येई. इंडियन एपिलेप्सी असोसिएशनसारख्या संस्थांच्या पाठपुराव्यानंतर १९९९ मध्ये हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा या दोन्हींतून ते शब्द काढले गेले. कायद्यानं पाव शतकापूर्वी सोडलेली गोष्ट बैठकीत मात्र अजून तशीच धरून ठेवलेली आहे. गाडीच्या परवान्याच्या अर्जात आजही फिट येते का असं विचारतात, आणि होय लिहिलं तर परवाना नाही. त्यामुळे तरणी पोरं तिथंही नाही लिहून मोकळी होतात.

झाकण्याची खरी किंमत गरोदरपणात मोजावी लागते. व्हॅल्प्रोएटवर असलेल्या आईच्या दहांतल्या जवळपास एका बाळात जन्मजात व्यंग येतं, बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होतो. दिवस जाण्याआधी सांगितलं तर डॉक्टर औषध बदलू शकतात, फॉलिक अॅसिड सुरू करतात. फिनिटॉइन, कार्बामॅझेपिन, फिनोबार्बिटोन यांनी गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होतो, हेही आधीच सांगावं लागतं. पण जिची गोळीच तांदळात आहे ती कुणाला विचारणार? ती बहुधा दिवस गेल्याचं कळताच गोळी बंद करते, आणि मोठी फिट आई आणि बाळ दोघांनाही धोक्यात घालते. केरळमध्ये १९९८ पासून अपस्मार असलेल्या गरोदर बायकांची नोंद ठेवतात. नीट देखरेख असली तर त्यांच्यातल्या बहुतेकींची बाळं धडधाकट जन्मतात.

पुण्यात यशोदा वाकणकर यांनी स्वतःचा अपस्मार न लपवता 'संवेदना' हा मदतगट उभा केला. तिथं पेशंट एकमेकांना भेटतात, लग्नं जुळवायलाही मदत होते. फिट येते हे पहिल्याच वाक्यात सांगून.

मिरचीची धुरी

"आदी देव केलं, मग डॉक्टर," कवठेमहांकाळकडचे एक वडील म्हणाले. त्यांच्या मुलाच्या पोटावर डागल्याच्या चार खुणा आहेत. आवस-पुनवेला औदुंबरला नेलं, नरसोबाच्या वाडीला नेलं. त्यांना हसायचं कारण नाही. चालता बोलता मुलगा कुणीतरी ढकलल्यासारखा पडतो, डोळे फिरवतो, भलत्याच आवाजात ओरडतो, आणि उठल्यावर म्हणतो, मला काही ठाऊक नाही. हे पाहणाऱ्याला "बाहेरचं काहीतरी" वाटलं तर त्यात नवल नाही.

याच मुलखातल्या एका डॉक्टरनं या समजुतीशी जन्मभर वाद घातला. मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले आणि साताऱ्यात दवाखाना चालवलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीतलं पहिलंच कलम वाचताना मला त्या मुलाचं पोट आठवलं. भूत उतरवायच्या नावाखाली बांधून घालणं, चाबकानं मारणं, मिरचीची धुरी देणं, पादत्राणं भिजवलेलं पाणी पाजणं, तापवलेल्या वस्तूनं इजा करणं, हे सगळे गुन्हे आहेत.

मिरजेतले डॉक्टर पेशंटच्या देवाशी भांडत नाहीत. एका म्हातारीनं विचारलं, "नवस फेडायला जाऊ न्हवं?" डॉक्टर म्हणाले, "जा की. फक्त गोळ्या पिशवीत घेऊन जा, आणि रात्रभर जागू नका."

दुधाची खूण, गोळीची खूण

शेवटी कोरेगाव तालुक्यातल्या एका घरात गेले. मुलगा दहावीत. भिंतीवर कॅलेंडर, खिळ्याला दोऱ्यानं बांधलेलं पेन. प्रत्येक तारखेच्या चौकोनात दोन खुणा : दुधाच्या लिटरचा आकडा, आणि त्याच्या खाली दोन रेघा, सकाळची गोळी आणि रात्रीची. वेगळी वही का नाही, असं विचारलं. "वही कपाटात जाती," आई म्हणाली. "कॅलेंडर येताजाता दिसतंय. इसरलं तर पावणा बी इचारतोय, आज रेघ का न्हाय."

त्यांचे बाकीचे नियमही असेच साधे. न्हाणीघराला आतून कडी नाही. विहिरीवर एकट्यानं पोहायला जायचं नाही. वर्गशिक्षकांना आणि दोन मित्रांना सगळं शिकवून ठेवलंय, कुशीवर कसं वळवायचं ते. मित्रांनी तेवढ्यावरून "कुशीवर घे" ही वर्गातली चेष्टाही करून टाकलीय, आणि मुलगा त्यात सगळ्यात मोठ्यानं हसतो.

कॅलेंडरवर एप्रिलातला एक चौकोन कोरा होता. ना दूध, ना रेघा. दुसऱ्या दिवशीच्या तारखेभोवती लाल गोल.

"त्या दिशी यात्रा व्हती गावची," ती म्हणाली. "दूध बी न्हाय घ्येतलं, गोळी बी इसरली. रातभर तमाशाला बसला. आन् ह्यो दुसऱ्या दिसाचा गोल."

आम्ही बोलत असताना शेजारची बाई साखर मागायला आली आणि दारातच थबकली. तिचं लक्ष त्या लाल गोलाकडे गेलं. "ह्यो कसला गं?"

"पोराला फिट आली व्हती. गोळी चुकलेली." चहाचं आधण ठेवताना बोलावं तितक्याच आवाजात ती बोलली.

शेजारीण साखरेची वाटी हातात धरून तशीच उभी राहिली. पदर सारखा केला, एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाहेर. मग वाटी ओट्यावर ठेवली आणि आत येऊन बसली.

"आमच्या थोरलीला बी येत्यात," ती म्हणाली. "तुमी कुठल्या डॉक्टरला दावताय?"